पहिला घाणा

व्यंकट गुरुजींना तेल तापल्याचा वास भिंतीपलीकडून यायचा. नुसता वास नव्हे, कुणाच्या घरचं तेल आणि ते कशासाठी तापलंय, हेसुद्धा त्यांना कळायचं. दिवाळी जवळ आली की मी दुपारी कढई चढवावी, भाजणीचा गोळा सोऱ्यात भरावा, पदरानं घाम पुसून पहिली चकली पाडायला हात उचलावा, तोच दारावर खडखड. डब्याची कडी दारावर आपटायची त्यांची पद्धत होती. बेल होती आमच्याकडे, चांगली वाजायची. पण गुरुजींचा बेलवर विश्वास नव्हता.

“वैनी, पैला घाणा?”

नमस्कार नाही, कसं काय नाही. स्टीलचा कडीचा डबा पुढे धरून माणूस उंबऱ्यात उभा. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर गृहपाठ तपासायला आल्याचा भाव. एरवी वर्षभर मी भजी तळो, पापड तळो, त्यांचं नाक झोपलेलं असायचं. दिवाळीच्या फराळाची कढई चढली की ते जागं व्हायचं.

हा त्रास मी एकटीनं सोसला असता तर लिहायला बसले नसते. सगळ्या कॉलनीनं सोसला. आमची कॉलनी लातूरच्या ट्यूशन एरियाच्या मागच्या बाजूला. जो तो आपल्या घरावर एक मजला चढवून पोरं ठेवतो, त्यामुळे इथे माणसांपेक्षा कॉट जास्त. जळकोटचा, बिलोलीचा, नांदेडच्या पलीकडचा कुणीकुणी बाप जूनमध्ये पोराला आणतो, एक पत्र्याची पेटी, एक गादी, एक बादली ठेवतो आणि “डॉक्टर करा हो याला” असं आपल्यालाच सांगून जातो. दिवाळीला ट्यूशनवाले जेमतेम सुट्टी देतात. बरीच पोरं घरी जातात. जी दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली असतात, ती जात नाहीत. त्यांना गावात तोंड दाखवायचं नसतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत मेसवाले मेस बंद करतात, कारण दिवाळी त्यांनाही असतेच.

या रूमवर राहिलेल्या पोरांना फराळ पोचवण्याचं काम गुरुजींनी अंगावर घेतलं होतं. त्यांना ते कुणी दिलेलं नव्हतं. चांगलं काम आहे, मी कुठे नाही म्हणते? आम्ही सगळ्याजणी आनंदानं दिलं असतं. पण गुरुजींना आनंदानं दिलेलं चालायचं नाही. त्यांना नियमानं दिलेलं लागायचं.

फराळ पहिल्या घाण्याचाच हवा. तो घरात कुणी चाखलेला नको. “चाखलं म्हंजे उष्टं झालं.” विकतचं नको. आणि दुसऱ्या घाण्यातली कितीही सुंदर, काटेरी, सोनेरी चकली समोर केली तरी गुरुजी मान फिरवणार.

“उरलेलं न्हाई चालत, वैनी.”

“अहो, उरलेलं कुठंय? आत्ता तळलीय! कढई अजून गॅसवर आहे!”

“पैला घाणा काढून ठिवल्यावर जे ऱ्हातंय ते उरलेलंच.”

आता स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही विचारा. पहिला घाणा हा बिघडण्यासाठीच असतो. तेलाचा अंदाज आलेला नसतो, भाजणीचा अंदाज आलेला नसतो, आपला हात बसलेला नसतो. चकली मऊ पडते नाहीतर कोळसा होते. अनारसा तर कढईत पडल्या पडल्या हसतो आणि त्याचे तुकडे तेलभर पोहतात. असा पहिला घाणा आपण मुकाट्यानं नवऱ्याच्या ताटलीत ढकलतो आणि दुसऱ्यापासून पुढचं डब्यात भरतो. आमचे हे बँकेत होते. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्या हातची सरळ चकली दिवाळीच्या दिवशीच पाहिली, त्याआधी फक्त अपघातग्रस्त.

गुरुजी आल्यापासून त्या अपघातग्रस्त चकल्या पोरांकडे जाऊ लागल्या. म्हणजे नाव आमचं आणि माल हा असला! ज्या पोरानं आयुष्यात माझ्या हातचं एकदाच खायचं, त्यानं ते बिघडलेलं खायचं. एक वर्षी तर चाखायचं नाही म्हणून कुणी चाखलं नाही आणि माझ्या भाजणीत मीठच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या एका पोरानं मला फार अदबीनं विचारलं, “काकू, ते गोडाचं होतं का तिखटाचं?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तशीच गुरुजींकडे गेले. म्हटलं, “गुरुजी, तुम्ही तरी एक तुकडा तोंडात टाकून बघत जा. मीठ नाही एवढं कळेल.”

“मला तेलकट सोसत न्हाई.”

“चिमूटभर!”

“न्हाई सोसत, म्हन्लं की.”

इतक्या वर्षांत गुरुजींनी कॉलनीतल्या कुणाच्या घरचा फराळ तोंडात घातला नव्हता. पाडव्याला घरी बोलवा, भाऊबीजेला बोलवा, पाणी पिऊन उठायचे.

छळाची सुरुवात दसऱ्यापासून व्हायची. सगळं गाव आपट्याची पानं देऊन पुढे जातं. गुरुजी पान हातावर ठेवायचे आणि हात सोडायचेच नाहीत. “सोनं घ्या वैनी. भाजणी कधी दळून आणनार?” कोजागिरीला गच्चीवर सगळे मसाला दूध पीत बसलेले, चंद्र डोक्यावर, कुणाला तरी गाणं म्हणायचा आग्रह चाललेला, आणि गुरुजी जाधव वहिनींना विचारतायत, “औंदा शंकरपाळं करनार का न्हाई? गेल्या साली टाळलंत.” त्यापुढे गाणं कसलं सुचणार!

शेख भाभी आमच्या शेजारी. त्यांचे मालक कापडाच्या दुकानात. गुरुजी त्यांच्याही दारात कडी वाजवायचे. भाभी पहिल्यांदा गोंधळून म्हणाल्या, “गुरुजी, हमारे घर में चकली-बिकली नै बनती.”

“मग जे बनतंय त्याचा पैला घाणा.”

“दिवाली में हमारे यहाँ कुछ बी नै बनता!”

“मग बनवा की ओ.”

भाभींनी गुळाचे गुलगुले तळले. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीला तळतात. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचं पहिलं पातेलं उतरायच्या आत हाच डबा हजर असायचा. भाभी माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावायच्या. मीही लावायची. आम्हा दोघींची मैत्री मुख्यतः गुरुजींवर चिडण्यातून झाली.

त्यांच्याबद्दल आम्हाला माहीत होतं ते एवढंच. औशाकडच्या एका खेड्यात ते जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. भूकंप झाला त्या रात्री गणपती विसर्जनासाठी शाळेचं लेझीम पथक घेऊन तालुक्याला मुक्कामी गेलेले, म्हणून वाचले. घरातलं कुणी वाचलं नाही. पुढे सरकारनं गावाचं पुनर्वसन केलं, त्यांना नवीन घर मिळालं. पण ते लातूरला आले आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एक खोली घेऊन राहिले. अधूनमधून तिकडे जायचे, घर झाडायचे, कुलूप लावून परत यायचे. यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आणि त्या दिवसांत लातुरात असं कुणाला खोदून विचारायचं नसतं, हे आम्हाला न शिकवता कळायचं.

तर त्या वर्षीची गोष्ट. बिरादार साहेब कॉलनीचे नवे अध्यक्ष झाले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, अंगात उत्साह फार आणि तो अडवायला धरण नाही. त्यांनी दसऱ्यानंतर बैठक बोलावली आणि जाहीर केलं की यंदापासून फराळाचं काम नीट होणार. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, की प्रत्येक घरात जो फराळ शिल्लक असेल तो मंदिराच्या ओट्यावर आणून द्यायचा. तिथे पाकिटं भरायची. भाऊबीजेला पोरांना बोलावून पाकिटं वाटायची. मागे बॅनर, ‘एक करंजी मायेची’. पेपरवाल्याला सांगून ठेवलेलं होतं.

मला, खरं सांगते, हायसं वाटलं. दुपारची ती खडखड नाही, चाखायची बंदी नाही, बिघडलेल्या चकलीची बदनामी नाही. भाभींनी माझा हात दाबला. त्यांनाही तेच वाटत होतं.

गुरुजी मागच्या खुर्चीवरून उठले.

“साहेब, पोरास्नी भाऊबीजेला देनार?”

“हो, मोठा कार्यक्रम करू.”

“मेस धनत्रयोदशीला बंद होतीया.”

“अहो गुरुजी, चार दिवस इकडेतिकडे. पोरं तरुण आहेत, वडापाव खातील. आणि आपल्याकडे केवढा फराळ उरतो! वाया जातो, मुंग्या लागतात. त्यापेक्षा कुणाच्या तोंडी लागला तर काय वाईट?”

“उरलेला नगं.”

“आता उरलेला म्हणजे काय खराब असतो का? तुम्ही उगाच एका शब्दाला धरून बसता.”

कुणीतरी हसलं. मीही हसले असेन, कारण ‘उरलेलं’ हा शब्द ऐकून माझे कान किटले होते.

गुरुजी टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. शाळेत साहेबांची तपासणी आल्यावर मास्तर उभे राहतात तसे.

“भूकंपानंतर दिवाळी आली,” ते म्हणाले. “आम्ही पत्र्याच्या शेडात होतो. दिवाळी कसली, कुनाला खयालबी न्हवता. मग दिवाळी होऊन गेल्यावर कुठल्या कुठल्या शहरातून ट्रक आले. चांगली मान्सं होती, साहेब, मी नावं न्हाई ठिवत. लांबून आली होती, आमच्या पोरांच्या डोक्यावरनं हात फिरवून गेली. त्यांनी फराळ आनला. भुगा झालेला, खवट वास येनारा. त्यांची दिवाळी झाल्यावर जे डब्याच्या बुडाला ऱ्हायलं, ते आनलं. आमी खाल्लं. खानार न्हाई तर काय करनार?”

बिरादार साहेब हातातला बैठकीचा कागद दुमडू लागले.

“उरलेलं वाईट नसतंय, साहेब. मी सोता उरलेलाच हाय की.” त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. “पन घेनाऱ्याला कळतंय, एवढंच.”

आणि ते निघून गेले. बैठक तिथेच मोडली. तरी बॅनर छापायला गेलेलं होतं आणि बिरादार साहेबांना माघार कशी घ्यावी हे खात्यानं शिकवलेलं नव्हतं. म्हणून ठरलं ते ठरलंच राहिलं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी कढई चढवली. तेल तापलं. सोऱ्या भरला. हात उचलला आणि थांबले.

खडखड नाही.

म्हटलं, येतील. गॅस बारीक केला. जरा वेळानं मोठा केला. दाराकडे बघितलं. मग माझा मलाच राग आला. इतकी वर्षं या माणसाला कंटाळले, आणि आज आला नाही तर माझा हात का चालेना? रागारागात चकल्या पाडल्या. तेलात पडल्या पडल्या त्या फेसाळल्या, सैल झाल्या आणि एकेक वेढा सुटून कढईभर पसरला. पूर्ण विरघळल्या. इतका वाईट घाणा माझ्या हातून कधी निघाला नव्हता. झाऱ्यानं गोळा केलं तर नुसता चुरा आणि काही वाकडे तुकडे.

तेवढ्यात शेख भाभी मागच्या दारानं आल्या. त्यांच्या हातात गुलगुल्यांचं झाकलेलं ताट. “वो आये नै?” त्यांनी विचारलं.

“नाही आले.”

“मेरे यहाँ बी नै आये.” त्या तिथेच पाटावर बसल्या. “अब इसका क्या करूँ? घर में किसी को खाने नै दी मैंने.”

मग मी गॅस बंद केला, तो चुरा एका ताटलीत घेतला, पदर खोचला आणि गल्लीच्या टोकाला निघाले. मनात सगळं जुळवलं होतं. गुरुजी, हे काय रुसणं झालं? पोरांची मेस उद्या बंद होणार, आणि तुम्ही इथे बसलात? वर्षभर आमचं डोकं खायचं आणि ऐन वेळी दार लावून घ्यायचं? असं बरंच काही.

दार लावलेलं नव्हतं. गुरुजी कॉटवर बसले होते आणि डबा घासून-पुसून शेजारी ठेवला होता. तयार होऊन बसलेला माणूस आणि तयार होऊन बसलेला डबा. फक्त निघाले नव्हते.

“या वैनी,” ते म्हणाले. “मी न्हाई येनार औंदा. कमिटीनं ठरवलंय, मी आडवा कामून येऊ?”

“हे घ्या,” मी ताटली पुढे केली. जुळवलेलं सगळं भाषण विसरले. “पहिला घाणा आहे. कुणी चाखलेला नाही. आणि विरघळलाय सगळा, आधीच सांगते. पोरांना द्यायच्या लायकीचा नाही. पण तुमचा नियम म्हणून आणला.”

गुरुजींनी ताटलीकडे पाहिलं. मला वाटलं आता शेरा मारतील.

“वैनी,” ते म्हणाले, “ह्यो मला देता का?”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. इतक्या वर्षांत या माणसानं पोरांसाठी काय काय मागितलं होतं, स्वतःसाठी पाण्याचा दुसरा पेला मागितला नव्हता.

“तुम्हाला तेलकट सोसत नाही ना?”

त्यांनी ताटली मांडीवर घेतली. एक वाकडा तुकडा उचलला, टोपी सारखी केली, आणि तोंडात टाकला. डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा.

“मोहन जास्त झालंय,” ते म्हणाले.

“हो, कळलं मला.”

“तिचंबी व्हायचं. दर साली. हात सढळ होता. तेल घालताना थांबायचीच न्हाई, मग पैला घाणा असाच, सगळा इरघळलेला. गावात बाकीच्या बाया हसायच्या. ती म्हनायची, पाव्हन्यास्नी चांगला देऊ, ह्यो तुमास्नी.” त्यांनी ताटलीतला चुरा बोटानं एका बाजूला गोळा केला. “मी भांडायचो, वैनी. लई भांडायचो. म्हनायचो, जगाला चांगलं आनि नवऱ्याला बिघडलेलं, ही कोन्ती रीत? ती म्हनायची, अवो येड्यावानी कामून बोलता, पैला घाणा घरच्याला असतोय. परक्याला का असलं खाया घालीन मी?”

आमच्या ह्यांच्या ताटलीतल्या इतक्या वर्षांच्या वाकड्या चकल्या माझ्या डोळ्यासमोर आल्या. रूमवरची ती पोरंही आली, ज्यांना आम्ही चांगलं सोनेरी काहीतरी द्यायला निघालो होतो आणि हा माणूस हट्टानं बिघडलेलं पोचवत होता. मला रडू आलं. आणि रडू आलं म्हणून पुन्हा रागही आला.

“हे एवढं आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?” मी म्हटलं. “इतकी वर्षं नुसतं उरलेलं नको, उरलेलं नको!”

“तुमी इचारलंच न्हाई की ओ,” गुरुजी म्हणाले आणि ताटली पुसून खाल्ली.

मग त्यांनी डबा उचलला. आम्ही दोघं बाहेर आलो तर गल्लीत शेख भाभी ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे जाधव वहिनी शंकरपाळे घेऊन. आणि बिरादार साहेबांच्या फाटकात साक्षात बिरादार बाई, हातात झाकलेलं पातेलं, कपाळावर पीठ.

“पहिला घाणा आहे गुरुजी,” त्या हळूच म्हणाल्या. “साहेब चाखू का म्हणत होते. मी हात मारला त्यांच्या हातावर.”

गुरुजींनी झाकण उघडून पाहिलं. अनारसे होते. एकूण एक हसलेले.

“बेस,” ते म्हणाले.

बॅनरही लागलं, भाऊबीजेला फोटोही निघाला. पोरं दोन्ही वेळा जेवली म्हणायचं. साहेबांनी पुढच्या वर्षी बॅनर छापलं नाही.

गुरुजी आता नाहीत. डबा माझ्याकडे आहे आणि तो फिरवायचं कामही, कसं कोण जाणे, माझ्याच गळ्यात पडलंय. पहिला घाणा पोरांकडे जातो, बिघडलेला असो की साधलेला. पण त्याच वेळी दुसऱ्या छोट्या कढईत तळायला, गुरुजी होते तोवर दर दिवाळीला मी भाजणीचा एक छोटा गोळा वेगळा भिजवायची आणि त्यात मोहन मुद्दाम जास्त घालायची. त्या चकल्या कढईत पडल्या की विरघळायच्या, तेल खराब व्हायचं, ते गाळून घेईपर्यंत जीव नकोसा व्हायचा. ते सगळं ताटलीत घेऊन मी गल्लीच्या टोकाला जायची.

अजूनही भिजवते. नव्यानं राहायला आलेल्या बायका बघतात आणि एकमेकींत हसतात, की एवढं वय झालं काकूंचं, पण यांना मोहनाचा अंदाज काही येत नाही. मी त्यांना काही सांगत नाही. तो चुरा गार झाला की एकटी बसून खाते.